खांद्यावरचं ओझं

उत्तर डकोटातल्या लष्करी विमानतळावर त्या दुपारी सरावासाठी एक जुनं विमान पेटवलं होतं. अग्निशमन दलाचा प्रमुख हाल्वर्सन धुरात शिरला आणि मागच्या सीटखालचा, जखमी माणसाऐवजी ठेवलेला सरावाचा बाहुला त्याने खांद्यावर टाकला. तेवढ्यात कानापाशी कुणीतरी खोकलं. त्याला संशय आला, ही दलातल्या मारिसोलचीच चेष्टा असणार.

बाहेर येताच त्याने तोंडावरचा मास्क काढला. "बाहुल्याच्या जागी कुणाला झोपवलंस गं?"

"कुणालाच नाही, साहेब. बाहुला आज गाडीतच राहिला. तेच सांगायला हाका मारत होते." तिने गाडीतला बाहुला दाखवला. दलातले बाकीचे तिघेही तिच्याजवळच उभे होते.

"पण साहेब, खांद्यावर काहीच नसताना तुम्ही असे वाकून का चालताय?"

हाल्वर्सनची कॉलर मागून हळूच आवळली गेली.