उजेडाचा फूटपाथ

कुमुदताई खरोटेंनी नऊ वर्षं पालिकेचे उंबरे झिजवले, तेव्हा कुठे फूटपाथ मिळाला, तोही उजेडाचा. खांबावरचा दिवा रस्त्याच्या कडेला हिरवा पट्टा टाकी आणि विनाचालक गाड्या त्याला शिवत नसत. पट्ट्याबाहेर कोणी आलं तर मात्र त्या थांबतही नसत. शिवाय गाड्या वाढल्या की पट्टा आपोआप अरुंद होई.

आज शेजारच्या बशीरभाईंना दवाखान्यात नेताना पट्टा अर्ध्या वाटेतच आक्रसू लागला. दोघंही कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

"ताई, माझा एक पाय बाहेर राहतोय."

"आत ओढून घ्या, बशीरभाई."

"गुडघा वाकत नाही हो."

कुमुदताईंनी खांबावरचं तक्रारीचं बटण दाबलं. आतून गोड आवाज आला, "या रस्त्यावर चालणारे फार कमी आहेत, म्हणून जागा गाड्यांना दिली आहे. आपली तक्रार नोंदवली. कृपया वाट पाहा."

त्यांनी खाली पाहिलं. वाट सुतळीएवढी उरली होती, आणि बशीरभाईंची चप्पल तिच्या पलीकडे होती.