जावईबापूंचा उपास

"राग आला की हा कुठे जातो?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

धाकट्याने कुत्र्याकडे पाहिलं. टेबलावर बसलेल्या कुत्र्याने धाकट्याकडे पाहिलं. प्रश्न कुत्र्याबद्दल होता आणि दोघांपैकी निदान एकाला उत्तर माहीत असावं, एवढीच डॉक्टरबाईंची अपेक्षा होती.

धाकट्याचं वय एकतीस. घरात अजूनही सगळे त्याला धाकटाच म्हणत. कुत्र्याचं नाव जावई. कारण पहिल्या दिवसापासून पहिलं ताट त्याला लागायचं, जरा काही झालं की तो रुसायचा, आणि त्याने कामाला हात लावल्याचं कोणी पाहिलं नव्हतं. नाव बाबांनी ठेवलेलं. ताईच्या नवऱ्याला ते अजून सांगितलेलं नाही.

तर या जावयाने चार दिवस अन्नाला तोंड लावलं नव्हतं. सकाळी भरून ठेवलेली वाटी संध्याकाळी धाकटा कामावरून येईपर्यंत तशीच. डॉक्टरबाईंनी ताप पाहिला, हिरड्या पाहिल्या, पोट दाबलं, रक्त तपासलं. सगळं ठीक. मग त्यांनी त्याचे कान चोळले आणि पाठीच्या कण्यावरून अंगठा फिरवला. जावयाने डोळे मिटून असा सुस्कारा सोडला की बाहेर थांबलेल्या मांजराने पिंजऱ्यात कूस बदलली. शेवटी वजन केलं. गेल्या महिन्यापेक्षा पाऊण किलो जास्त.

"उपासाने अंग धरणारा हा माझा पहिलाच पेशंट," त्या म्हणाल्या.

"दुःखाने सुजला असेल," धाकटा म्हणाला. त्याला खरंच तसं वाटत होतं.

औषध लिहिण्याआधी डॉक्टरबाई सहा पानी छापील फॉर्म भरून घेत. झोप, भूक, राग, लोभ, घरातली माणसं, माणसांची भांडणं. "मी नुसतं पोट तपासत नाही," त्या म्हणायच्या. "ते पोट ज्या घरात राहतं, ते घरही तपासते." फॉर्म नाही तर चिठ्ठी नाही. धाकट्याला त्यात नाव आणि रंग एवढंच लिहिता आलं होतं. रंगही त्याने टेबलाकडे बघून लिहिला.

"याचं सगळं कोण करतं?"

"बाबा."

"मग लावा त्यांना फोन."

घोडं तिथेच पेंड खात होतं. तीन आठवड्यांपूर्वी धाकट्याने चाळीस जीवनसत्त्वांचं तयार खाणं आणलं, आणि बाबा जावयासाठी शिजवत होते त्या पातेल्याकडे बघून म्हणाला, "तुम्हाला यातलं काय कळतं?" बाबांनी गॅस बंद केला, पातेल्यावर झाकण ठेवलं, पिशवी भरली आणि दोन दिवसांसाठी म्हणून ताईकडे गेले. ते दोन दिवस अजून चालूच होते. जावयाला नेता आलं नाही, कारण ताईकडे मांजर आहे आणि ते कोणालाच खपवून घेत नाही. "तू एक फोन कर, ते येतील," असं ताईने सांगितलं होतं. धाकटा रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचा आणि उद्याचं हवामान बघून ठेवून द्यायचा.

आता त्याने फोन लावला. स्पीकरवर टाकला.

"बाबा, मी. डॉक्टरांकडे आलोय. जावई चार दिवस जेवला नाहीये. फॉर्म आहे एक, त्यातलं तुम्हाला विचारायचंय."

"विचार," बाबा म्हणाले, तोंडी परीक्षेला बसल्यासारखे.

"राग आला की कुठे जातो?"

"पलंगाखाली. हाक मारली की येत नाही, हाक मारणं थांबवलं की येतो. तुझ्यावर गेलाय."

डॉक्टरबाईंनी धाकट्याच्या खांद्यावरून वाकून पाहिलं. "सगळं लिहा," त्या म्हणाल्या. "शेवटचंसुद्धा."

"झोपतो कुठे?"

"माझ्या पायाशी. घोरतो. मी घोरतो असं तू म्हणायचास ना, तो हा."

"कशाला घाबरतो?"

"मिक्सरला. आणि तू आवाज चढवलास की."

धाकट्याने पान उलटलं. "कान... कान कोण पुसतं?"

"मीच. तुझेही मीच पुसायचो. तू जास्त चावायचास."

जावई फोनला नाक लावून बसला होता. त्याची शेपटी टेबल झाडत होती, आणि टेबलावरचा कापूस, थर्मामीटर, गोळ्यांची डबी एकेक करून खाली जात होती. सहावं पान संपलं. डॉक्टरबाईंनी फॉर्मसाठी हात पुढे केला. धाकट्याने तो दिला नाही, उलटा केला. मागची बाजू कोरी होती. ती त्याने नीट डोळ्यांसमोर धरली आणि वाचू लागला.

"पुढचा प्रश्न. घरातलं कोणी प्राण्याच्या पालकांना नको ते बोललं असेल, आणि तीन आठवडे त्याला त्याचं वाईट वाटत असेल, तर पालक घरी परत कधी येतील?"

डॉक्टरबाई खिडकीबाहेर बघू लागल्या. बाहेर भिंत होती.

"हे छापलंय?" बाबांनी विचारलं.

"छापलंय."

"फार लांबलचक प्रश्न आहे."

"सहा पानी फॉर्म आहे, बाबा."

बाबांनी घसा साफ केला.

"लिही. उद्या सकाळी. आणि शेजारच्या काकूंकडून आपली जादा किल्ली परत घे. त्यांना म्हणावं, धाकट्याचा फोन आला एकदाचा, आता जावयाला रोज दुपारी जेवायला नेऊ नका."