शेवंताबाईंच्या ओव्या

पालिकेच्या नव्या सांस्कृतिक धोरणात घरोघरची लोकगीतं टेपवर उतरवून घ्यायची होती, तेव्हा उदयसिंहने मोठ्या हौसेने आईचं नाव दिलं. मयूर विहारच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये टेपरेकॉर्डर आला, शेजारीपाजारीही कौतुकाने येऊन बसले.

शेवंताबाई जात्यावरची ओवी म्हणू लागल्या, पण ओठांतल्या ओठांत.

“माताजी, थोडा ज़ोर से,” पालिकेची बाई म्हणाली.

“आई, लाजतेस काय? गावाकडे तुझा आवाज नदीपलीकडे जायचा!” उदयसिंह हसला.

त्या त्याच्या कानाशी वाकल्या.



“इथं राहायला आलो तेव्हा तूच म्हणालास, हळू म्हण, शेजारी हसतील. बारा वर्षं हळूच म्हटलं रे बाळा, आता मोठ्यानं येतच नाही.”