मोठी प्रत

ताईने वर्षभर खपून काढलेली बारा चित्रं मी प्रदर्शनाच्या वेबसाइटवर चढवली. त्या साइटचं सॉफ्टवेअर मीच लिहिलं होतं. निवड होईपर्यंत ती साइट फक्त परीक्षकांना, म्हणजे ताईच्या सरांनाच उघडत होती. ताई त्यांच्याकडे अकरा वर्षं शिकली होती.

चौथ्या दिवशी ताईला सरांचा फोन आला. "एकेक चित्र मोठं करून पाहिलं गं, डोळे दुखायला लागले. पण हात अजून कच्चाच आहे तुझा. यंदा राहू दे."

ताईने सगळे ब्रश धुऊन माळ्यावर टाकले.

"अगं, पुढच्या वर्षी पाठव की," मी म्हटलं.

"पुरे झालं. एवढं बारकाईने पाहून सांगितलंय त्यांनी."

मला राहवेना. माझं सॉफ्टवेअर आधी प्रत्येक चित्राची नखाएवढी प्रत दाखवतं. मोठी प्रत कुणी चित्र उघडलं तरच, त्या क्षणी तयार होते आणि साठून राहते. मी मोठ्या प्रतींचा फोल्डर उघडला.



त्यात एकच प्रत होती, परीक्षकांच्या पानावरच्या सरांच्या फोटोची.