पुन्हा बांधायचा खर्च

"जागेची किंमत धरू नका, काका," विमा एजंट म्हणाला. "घर पडलं तर पुन्हा बांधायला जेवढं लागेल, तेवढ्याचाच विमा काढा."

जयवंतकाका टेप घेऊन घरभर फिरले. ओट्याच्या कडप्प्यापासून कौलांपर्यंत सगळ्याचा आजचा भाव त्यांनी गवंड्याला विचारला. "हप्ता झेपेल का?" रेवतीकाकू कुरकुरल्या, पण काकांनी ऐकलं नाही.

श्रावणात दोघं भाचीच्या साखरपुड्याला महाडला गेले असताना घरामागचा डोंगर खचला. जीव वाचले, घर गेलं. वर घराकडे जायला बंदी होती, पण कंपनीच्या माणसाने दुरूनच पाहणी केली आणि विम्याची पूर्ण रक्कम मिळाली. काकूंच्या जिवात जीव आला. नव्या स्वयंपाकघराला पूर्वेला मोठी खिडकी ठेवायची, असंही त्यांनी ठरवून टाकलं.

बंदी उठल्यावर दोघं जागा बघायला गेले. तिथे जागाच नव्हती. अंगण, विहीर, परस, अख्खा उतार खाली नदीत जाऊन बसला होता.

"पैसे आलेत गं," काका म्हणाले, "पण पाया कुठे खणू?"

काकूंनी त्यांचा दंड घट्ट धरला. "पुढे जाऊ नका," त्या म्हणाल्या. "कड अजून ढासळतेय."