नाबोरआजोबांच्या आरोळीची जागा

आमच्या घरात रान्चेरा, म्हणजे मेक्सिकन गावरान गाणं, लागलं की दुसऱ्या कडव्यानंतर सगळे गप्प होतात. तिथं नाबोरआजोबा खुशीची आरोळी ठोकायचे. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, तरी तेवढ्या वेळात कुणी घाससुद्धा चावत नाही.

यंदा एउफ्रोसिनाआजीनं एकाहत्तराव्या वर्षी दुसरं लग्न केलं. नवरदेव इलारिओ लांबच्या गावचे शिंपी. इतके मितभाषी, की चार महिन्यांत मी त्यांची मोजून अकरा वाक्यं ऐकली.

लग्नाच्या जेवणात ओदिलियाआत्या फणकारली, "आई, बाबांच्या जागी आता हे ओरडणार? मग मी ही चालले!"

"जा की. तुझ्या ताटातलं मटण मी खाते," आजी म्हणाली.

लग्नात वाजवायला आलेल्या 'मारियाची' बँडनं रान्चेरा गाणं धरलं. दुसरं कडवं संपलं, ट्रम्पेट थांबला.

आणि आरोळी आली. वर चढणारी, मध्येच फुटणारी, शेवटी खोकत हसणारी. हुबेहूब आजोबांची.

ती इलारिओंकडून येत होती. त्यांनी डोळे विस्फारून दोन्ही तळव्यांनी तोंड गच्च दाबलं होतं, तरी ती थांबेना.

आत्यानं छातीवर क्रॉस काढला. आजी मात्र नवरीसारखी लाजली आणि इलारिओंच्या कानाशी लागून म्हणाली, "किती उशीर केलास रे, नाबोर!"