अर्ध्या भावाची गाडी

भाजीची गाडी चार मजली इमारतीसमोर येऊन तासभर झाला होता आणि एकही गिऱ्हाईक फिरकलं नव्हतं. भाजी ताजी होती, बाजाराच्या निम्म्या भावात. उरलेला निम्मा भाव एक संस्था भरत होती. आज संस्थेच्या बाई स्वतः बघायला आल्या होत्या. त्यांनी वर नजर टाकली. खिडक्यांचे पडदे तेवढे हलत होते.

"इथे गरज दिसत नाही," त्या भाजीवाल्याला म्हणाल्या. "देणगी तुटपुंजी आहे हो. पुढच्या आठवड्यापासून गाडी दुसरीकडे नेऊ."

"गरज आहे, बाई. या सगळ्यांचा कारखाना बंद पडलाय. पण खाली उतरलं की चारचौघांत गरज उघडी पडते ना."

"मग काय करायचं?" बाईंनी विचारलं. त्यांनाही मनातून गाडी हलवायची नव्हती.

भाजीवाला थोडा वेळ कोबीवर पाणी शिंपडत राहिला. मग तडक दुसऱ्या मजल्यावर गेला. तिथे त्याची थोरली बहीण राहायची. मागे एकदा तो पिशवी भरून घेऊन गेला होता, तर तिने ती दारातूनच परत पाठवली होती.

"ताई, खाली चल. हात भरून आलाय, तेवढं वजन करून दे."

"नाटकं करू नकोस, छोट्या." त्याच्या मिशा पिकल्या तरी तिच्या लेखी तो छोट्याच.

"नाटकंच करतोय. पण तू आली नाहीस तर गाडी जाणार. कायमची."

ताईने शेगडीकडे पाहिलं. शेगडीवर नुसते बटाटे उकडत होते. तिने गॅस बंद केला आणि पायात चपला सरकवल्या.

खाली येऊन ती तराजूमागे उभी राहिली. समोरच्या खिडकीकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाली, "अगं, तो पडदा धुवायला झालाय, सोड त्याला! खाली येऊन टोमॅटो बघ."

शेजारीण आली, हसत, जराशी ओशाळत. तिच्यामागून जिन्यात पावलं वाजू लागली. तळमजल्यावरचे आजोबा आले, वरची सून कडेवर पोर घेऊन आली. ताई कुणाची थट्टा करत होती, कुणाला झुकतं माप देत होती. "छोट्या, बघत काय बसलास? कांदे दे इकडे!" संस्थेच्या बाईंनी पर्स बाजूला ठेवली आणि त्या एकेकाची पिशवी धरायला लागल्या.

"पुढच्या आठवड्यात वांगी आणाल ना?" आजोबांनी विचारलं.

"आणू," बाई म्हणाल्या.

गर्दी ओसरली. भाजीवाल्याने उरलेल्या भाजीची एक पिशवी भरून ताईपुढे धरली. तिने नकारार्थी मान हलवली. तराजूमागून निघाली, गाडीला वळसा घालून आली आणि मघापासून शेजारणी उभ्या होत्या तिथे उभी राहिली. केस सारखे केले.

"काय हो भाजीवाले, गाजरं कशी दिली?"

त्याने घसा साफ करून भाव सांगितला. इतरांना सांगितला तोच.

"फार सांगताय. जरा कमी करा."

"नाही परवडत हो, ताई."

संस्थेच्या बाई निघायच्या तयारीत उभ्या होत्या. पण दोघांची घासाघीस काही केल्या संपेना.